आंबेपाड्याची रेघ

आमचा अहवाल कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. जाडजूड होता, स्पायरल बाइंडिंग केलेला, वर रंगीत नकाशा. पण त्या कामातले किस्से मात्र लोक अजून मागून घेतात. कुठल्याही लग्नात जेवायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "विद्या, ते पाइपचं सांग ना." मी सांगते. एक सांगितला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मग एका ठिकाणी मी ताटातलं संपवायला लागते. कारण पुढचा सांगायला मला जड जातं. आज सांगते.

आधी काम काय होतं ते ऐका, नाहीतर माझ्या सासूबाईंसारखं तुम्हीही विचाराल, "म्हणजे तू रस्ते बांधायचीस?" पालघर जिल्हा नवा झाला, त्यानंतर पुण्याच्या एका कन्सल्टंटला एक काम मिळालं. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत पुढच्या पंचवीस वर्षांत रस्ते आणि बसचे मार्ग कसे वाढतील, कसे बदलतील, ते कॉम्प्युटरवर मांडून दाखवायचं. याला मॉडेल म्हणतात. नकाशावर प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. जिथून माणसं जास्त जातात ती रेघ जाड होत जाते, जिथून कमी जातात ती बारीक होत होत पुसली जाते. बटण दाबलं की एक वर्ष पुढे. चहा निवायच्या आत पंचवीस वर्षं संपायची. ते बटण दाबणारी मी.

ऑफिस डहाणू रोड स्टेशनसमोर, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर. माणसं मोजून चार. केळकर सर, सोमवारी पुण्याहून यायचे आणि शुक्रवारी परत पळायचे. चुरीकाका, एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढून रिटायर झालेले बोर्डीचे गृहस्थ, आमचे सल्लागार. सुभाष, गावोगाव फिरून माहिती आणणारा, तलासरी तालुक्यातल्या आंबेपाड्याचा. आंबेपाडा म्हणजे अगदी गुजरातच्या हद्दीला चिकटलेला. आणि चौथी मी.

*

पाइपचं असं झालं. गाड्या मोजायला आम्ही रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायचो. चाक वरून गेलं की नळीतली हवा दाबली जाते आणि कडेच्या पेटीत आकडा पडतो. वाणगावजवळ टाकलेली नळी दुसऱ्याच दिवशी गायब! पेटी जागेवर, नळी नाही.

सुभाषने हुडकून काढली. शेजारच्याच मळ्यात, ढोबळ्या मिरचीला पाणी देत होती. सर तावातावाने गेले. मळ्याचे मालक शांतपणे म्हणाले, "रस्त्यात पडला होता पाइप. गाड्या वरनं जात होत्या. फुटला असता."

"अहो, गाड्या वरून जाव्यात म्हणूनच टाकला होता!"

मालकांनी सरांकडे असं पाहिलं, की या माणसाला घरी कोणी आहे की नाही, असा त्यांना प्रश्नच पडला असावा. मग आम्हा प्रत्येकाला पिशवीभर मिरच्या दिल्या. सर रागात होते तरी पिशवी पुण्याला घेऊन गेले. चुरीकाकांनी त्या दिवसाचा शेरा मारला तो असा, "या रस्त्याला वाहतुकीपेक्षा पाण्याची गरज जास्त आहे."

*

चुरीकाकांचा मॉडेलवर आधी अजिबात विश्वास नव्हता. "बस कुठे जाणार ते ड्रायव्हरला विचारा, मशीनला काय विचारता?" असं म्हणायचे. आणि मग एक दिवस तो विश्वास इतका बसला, की विचारू नका.

मी सरांना काही दाखवत होते आणि काका मागे उभे होते. सातव्या वर्षी बोर्डीतली एक बारीक रेघ पुसली गेली. काका चष्मा वर करून पुढे वाकले. "ही आमची गल्ली ना?"

त्यांचीच होती. मी म्हटलं, "काका, हा नुसता अंदाज असतो." चार दिवसांनी त्यांच्या घरून काकूंचा फोन. "विद्या, कंपाउंडची भिंत घालायला माणसं आलीत आणि हे नको म्हणतायत. म्हणे सात वर्षांनी दारात रस्ताच नाही, मग कंपाउंड कुणासाठी? तुझ्या त्या कॉम्प्युटरला सांग, माझ्या दारात अजून डांबर आहे."

भिंत झाली. पण काका गल्लीत शिरताना दरवेळी खाली बघून चालतात, असं काकू सांगत होत्या.

*

घरोघर जाऊन विचारायचं काम सुभाषचं. सवालांचा कागद ठरलेला. पहिलाच सवाल, "घरातली माणसं रोज कुठे जातात?"

एकदा मीही त्याच्याबरोबर आंबेपाड्याला गेले. मोठ्या रस्त्यावर फाट्याला टमटममधून उतरायचं आणि मग कच्च्या वाटेने चालत, मध्ये एक ओहोळ. गावात पहिल्याच घरी एक बाई डबा भरत होती. नवरा कंपनीचा निळा शर्ट घालून चपला शोधत होता.

"रोज कुठे जाता?" मी विचारलं.

"कुठे नाही," नवरा म्हणाला.

"मग आता?"

"हे काय, इथंच. पलीकडं."

पलीकडे म्हणजे उंबरगाव. गुजरात. गावाच्या मागच्या वाटेने सायकलवर निघायचं, की झालं. त्याला ते बाहेरगाव वाटतच नव्हतं. कारखाना तिथे, बाजार तिथे, दातांचा डॉक्टर तिथे. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. अख्खं गाव रोज "कुठे नाही" जात होतं.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "खरं आहे, पण आपलं काम दोन तालुक्यांचं. पलीकडचं राज्य वेगळं, त्यांची माहिती आपल्याकडे नाही. हद्दीपाशी नकाशा संपतो." आणि संपतच होता. हद्दीच्या पलीकडे माझ्या स्क्रीनवर नुसता पांढरा रंग. पांढऱ्यात जाणारा माणूस आमच्या हिशेबी घरीच बसलेला.

सर वाईट नव्हते हो. ते काम जसं लिहून मिळालं होतं तसंच करत होते. पण त्या दिवशी सुभाष परत निघताना एवढंच म्हणाला, "म्हणजे ताई, आम्ही कुठेच जात नाही, हे आम्ही बरोबर सांगितलं."

*

आता सुभाषचं सांगायला हवं. त्याचं ज्योतीवर मन होतं. ज्योती वाणगावची, तिथल्याच शाळेत शिकवायची, कॉलेजपासूनची ओळख. तिलाही तो पसंत होता. तिचे वडील राऊतकाका रेल्वेत होते, बोलायला थोडे आणि शब्दाला पक्के. ते स्वतः आंबेपाड्याला घर बघायला गेले, आणि गेले नेमके आषाढात. फाट्यावरून चिखल तुडवत, ओहोळात चप्पल सोडून, अनवाणीच सुभाषच्या ओट्यावर पोचले.

चहा प्यायले. सुभाषच्या आईशी नीट बोलले. मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. पण माझी मुलगी नोकरी सोडणार नाही आणि मी तिला सोड म्हणणार नाही. या वाटेने ती रोज शाळेत जाणार कशी? तुमच्या गावात बस येऊ दे. पहिल्या बसने मी स्वतः पेढे घेऊन येईन."

याला नकार म्हणता येत नाही. सुभाषने तर होकारच धरला. आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कुठे बस येणार, हे ज्या कॉम्प्युटरला ठाऊक, तो त्याच्या ऑफिसात!

*

तेव्हापासून सुभाषचा एक नेम झाला. सर शुक्रवारी गाडीला गेले, की तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. "ताई, आंबेपाडा बघा ना."

मी बटण दाबायचे. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, फाट्यापासून आंबेपाड्यापर्यंतची रेघ बारीक, आणखी बारीक. तिसऱ्या वर्षी गेली.

"परत लावा ना."

आमच्या मॉडेलमध्ये थोडा भाग नशिबाचा असायचा. माणसं रोज अगदी तशीच वागत नाहीत, म्हणून दर खेपेला आकडे किंचित इकडचे तिकडे व्हायचे. त्यामुळे रेघ कधी तिसऱ्या वर्षी जायची, कधी चौथ्या. एकदा ती पाचव्या वर्षापर्यंत टिकली. सुभाष खाली धावत गेला आणि सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन आला. चुरीकाकांनी विचारलं, "काय रे, कसली पार्टी?" हा म्हणतो, "काही नाही काका. अजून आहे." काकांना काही कळलं नाही. त्यांनी भजी खाल्ली.

मी त्याला म्हणायचे, "अरे, हे भविष्य नाही, नुसता हिशेब आहे." तो म्हणायचा, "मग हिशेबच परत करा ना." मी परत बटण दाबायचे.

*

आणि वऱ्हाडाचा किस्सा. हा मी लग्नात कधी सांगत नाही.

रेघ जाड व्हायची तर फाट्यावर माणसं दिसायला हवीत, हे सुभाषला पाठ झालं होतं. फाट्यावर आम्ही खांबाला कॅमेरा लावणार होतो आणि त्या दिवशीची ये-जा मोजणार होतो. सुभाषने गावात घरोघर सांगितलं, "त्या दिवशी पलीकडे जाऊ नका. सगळ्यांनी फाट्यावर या आणि टमटमने तलासरीला जाऊन या. गावाला बस हवी ना?"

गावाने शब्द राखला. अख्खा आंबेपाडा आला. पण आता फोटो निघणार म्हटल्यावर कोण साध्या कपड्यात येईल? बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली, केसात फुलं माळली. पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून आले. म्हाताऱ्यांना खांद्यावर हात टाकून आणलं. आणि गावातल्या तारपेवाल्याला वाटलं, एवढी माणसं निघालीत तर आपण तरी रिकाम्या हाताने कशाला जावं. तोही तारपा घेऊन आला आणि टमटमची वाट बघता बघता वाजवायला लागला. मग काय, दहा-बारा जणांनी तिथेच फेर धरला.

सोमवारी सर व्हिडिओ बघायला बसले. मी शेजारी, सुभाष मागे उभा. सरांनी जरा वेळ पाहिलं आणि हसले. "अरे वा, लग्न दिसतंय. वऱ्हाड आहे. हे वगळा."

नियमच होता तसा. लग्न, जत्रा, मिरवणूक असली नेहमीची नसलेली गर्दी मोजायची नाही. मी मागे वळून पाहिलं. सुभाष बोलणार कसा? हे वऱ्हाड नाही, मी आणलेली माणसं आहेत, असं म्हणाला असता तर सगळी मोजणी खोटी ठरली असती आणि त्याची नोकरी गेली असती. मी ती माणसं वगळली. त्या दिवशीचा फाट्याचा आकडा नेहमीपेक्षाही कमी आला, कारण नेहमी येणारी चार माणसंसुद्धा त्या वऱ्हाडातच होती.

संध्याकाळी सुभाषने खरं काय ते चुरीकाकांना सांगितलं. काका उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "वऱ्हाडच होतं रे ते. जरा लवकर निघालं, एवढंच."

*

ज्योतीने वाट पाहिली. एक पावसाळा, मग आणखी एक. सुभाषने पंचायतीत अर्ज दिले, स्टँडवर खेटे घातले. रस्ता कच्चाच राहिला. ती दोघं भांडलीसुद्धा नाहीत, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवटी राऊतकाकांनी तिचं लग्न ठरवलं.

लग्न झाल्यावर सरांच्या कानावर गेलं. ते भले गृहस्थ, त्यांना चुटपुट लागली. त्यांनी सुभाषला बोलावून विचारलं, "कुठे दिली तिला?"

"उंबरगावला, सर. मुलगा कंपनीत आहे. दारात बस थांबते. बसने स्टेशन, गाडीने वाणगाव. नोकरी चालू आहे तिची."

सरांनी सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. नकाशा उघडाच होता. सुभाष पुढे आला आणि आंबेपाड्याच्या अगदी शेजारी, हद्दीच्या पलीकडे, त्या पांढऱ्या भागावर त्याने बोट ठेवलं.

"इथे," तो म्हणाला. "आमच्या मागच्या टेकाडावर चढलं की त्यांच्या कॉलनीची पाण्याची टाकी दिसते."

मला त्या पांढऱ्या रंगाचा इतका राग आला, की मी नकाशाच बंद केला.

*

काम संपलं, अहवाल गेला. शेवटच्या दिवशी खुर्च्या परत न्यायला टेम्पो यायचा होता आणि आम्ही चौघं नुसते बसलो होतो. चुरीकाका म्हणाले, "त्या पोराच्या गावाला एक बस लाव की. आता कुणाला दाखवायचंय?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मी फाट्यापासून आंबेपाड्यापर्यंत हाताने बसमार्गाची एक रेघ ओढली, दिवसाला एक बस, आणि बटण दाबलं.

पहिल्या वर्षी रेघ बारीक. दुसऱ्या वर्षीही तशीच. तिसऱ्या वर्षी पुसली जाईल म्हणून मी थांबले, पण गेली नाही. चौथ्या वर्षी किंचित जाड झाली. मग शेजारच्या पाड्यावरून एक नवी रेघ येऊन तिला मिळाली, मग आणखी एक. पंचविसाव्या वर्षी आंबेपाडा त्या भागातला सगळ्यात मोठा ठिपका झाला होता.

"असंच होतं," सर हळूच म्हणाले. "रस्ता असला की माणसं येतात, माणसं आली की रस्ता वाढतो. एकदा रेघ असली की ती स्वतःच माणसं गोळा करते."

"मग पहिली रेघ कोण ओढतं, सर?" सुभाषने विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते मॉडेलच्या बाहेरचं असतं."

सुभाष म्हणाला, "ताई, परत पहिल्या वर्षावर न्या." मी नेलं. त्या बारीक रेघेकडे तो बघत राहिला. तेवढ्यात टेम्पोवाला वर आला आणि आम्ही उठलो.

*

त्यानंतर सुभाषशी गाठ पडली ती २०१९ मध्ये, डहाणूच्या बाजारात. मी भाजी घेत होते, तो मोटारसायकल ढकलत येत होता. जरा जाड झाला होता. लग्न केलं नव्हतं. मी आईची चौकशी केली, तो म्हणाला बरी आहे. मग एकदम म्हणाला, "ताई, आमच्याकडे बस आली."

"काय सांगतोस! फाट्यावरून?"

"नाही. मागून. उंबरगावहून. त्यांनी हद्दीपर्यंत डांबर केलं आणि बस आमच्या पारापाशी वळवायला लागले. पाटी गुजरातीत आहे."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. नकाशावर जिथे काहीच नव्हतं, तिथून ती आली होती.

"पहिल्या दिवशी गाव जमलं होतं," तो सांगू लागला. "नारळ, हळद, कुंकू. तारपेवाला होताच. बस आली. म्हटलं रिकामीच असेल. तर एक माणूस उतरला."

"कोण?"

"राऊतकाका. हातात पेढ्याचा पुडा."

भाजीवाली पैसे मागत होती, तिला दिले.

"लेकीकडे आले होते राहायला. तिथे कळलं, बस सुरू होतेय. म्हणाले, शब्द दिला होता, म्हणून आलो."

"मग तू काय केलंस?"

"आईने चहा ठेवला. बसले ओट्यावर, मागे बसले होते तिथेच. पुडा सोडून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला."

"ज्योतीचं काही बोलले?"

सुभाषने किक मारली. गाडी चालू झाली नाही. परत मारली.

"म्हणाले, तिच्या दारात चढलो ते तुझ्या दारात उतरलो. चप्पलसुद्धा ओली झाली नाही."

"आणि मग?"

"मग बस परत निघाली, तिनेच गेले."